मैदान कोणाचे?



शाळेची मधली सुट्टी झाली, की पोरे चेंडू घेऊन मैदानात धावतात आणि पोरी भिंतीच्या कडेला उभ्या राहून बघतात. हे चित्र इतके अंगवळणी पडले आहे, की ते आपल्याला खटकतही नाही. म्हणूनच आज इंग्लंडातल्या स्त्रियांच्या फुटबॉलची हकिगत सांगतो.

पहिले महायुद्ध चालू होते. पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांचा भार बायकांनी उचलला. प्रेस्टन गावच्या डिक-कर कारखान्यातल्या मुलींनी फुटबॉलचा संघ उभा केला. १९१७ च्या नाताळात त्या सामना खेळल्या, तो जखमी सैनिकांच्या मदतीसाठी. पुढे २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल शहरात त्यांचा खेळ पाहायला ५३,००० माणसे लोटली!

तुम्ही म्हणाल, मग काय, नशीबच उघडले. पण झाले उलटेच. ५ डिसेंबर १९२१ रोजी तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला, की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही. संलग्न क्लबांनी त्यांना आपली मैदाने देऊ नयेत. बघा हं, खेळावर बंदी घातली नाही. पायाखालची जमीन तेवढी काढून घेतली.

ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. तरी बायका मिळेल त्या मोकळ्या जागेत खेळत राहिल्या. १९६९ साली त्यांनी स्वतःची संघटना काढली आणि तिने देशव्यापी चषकस्पर्धा भरवली. ९ मे १९७१ रोजी लंडनमध्ये पहिला अंतिम सामना झाला. साउदम्प्टनच्या संघाने स्कॉटलंडच्या स्टुअर्टन थिसलला ४-१ असे हरवले. हीच आजची महिलांची एफ. ए. कप स्पर्धा. १९९३ साली तिचा कारभार हाती घेतला तो त्याच फुटबॉल असोसिएशनने! २०१५ पासून अंतिम सामना वेम्बलीच्या भव्य मैदानावर होऊ लागला. २०२३ साली तो पाहायला ७७,३९० प्रेक्षक आले होते.

खेळ तोच, चेंडूही तोच. पण मधल्या पन्नास वर्षांत ज्या मुलींचे खेळायचे वय निघून गेले, त्यांना ते कोण परत देणार?

गुरुजी, बाई, आपल्या हातात वेम्बली नाही. शाळेचे पटांगण आहे. आठवड्यातून एक दिवस ते मुलींच्या नावे लिहून टाका. चेंडू त्यांच्या पायांशी सोडा. पुढचे त्या बघून घेतील.