ताईत गळ्यात, लस कुठं?
(मुळशी येथील बैठकीतलं भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही, गळ्यातल्या ताइतावर बोलणार आहे. हसू नका, पुढच्या रांगेतले काळे दोरे मला इथून दिसतात.

'ताईत' हा शब्द अरबी 'तावीज'वरून आला. त्याच्या मुळाशी अर्थ आहे, आसरा मागणं. 'नजर'ही अरबीच. तुर्कस्तानात पोराच्या अंगावर निळा मणी लावतात, त्यालाही 'नजर'च म्हणतात. इटलीत मिरचीच्या आकाराचं लाल शिंग गळ्यात घालतात. आपण लिंबाला खरीच मिरची बांधतो.

आपली तर भाषाच ताईत घालून हिंडते. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढते. रशियन लोकांनी तर अस्वलाचं जुनं नाव टाकलं आणि त्याला 'मध खाणारा' म्हणू लागले.

हा सगळा अडाणीपणा, असं म्हणणारे शहरात पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. मॅलिनोव्स्की नावाचा अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथले कोळी खाडीच्या शांत पाण्यात मासे धरताना मंत्रतंत्र करत नसत. मासा हमखास मिळे, जिवाला धोका नसे. भर समुद्रात जाताना मात्र मंत्र लागेच. या मुळशीत भाताला पाऊस पुरतो. तुम्ही लांबून आलेले कापूस-ज्वारीवाले मात्र दरसाल भर समुद्रातच जाता. पाऊस, भाव, बोंडअळी, एकही गोष्ट हातात नाही. म्हणून रानात चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं उभं राहतं. त्यानं कुणाचं वाकडं होत नाही. (बीटीच्या पिशवीलाही आपण ताईतच मानलं, आणि गुलाबी बोंडअळीनं तो पचवला. ते पुन्हा कधी.)

वाकडं होतं ते पान लागल्यावर. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली. बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मी जून ते सप्टेंबरात, म्हणजे ऐन पेरणी-खुरपणीत.

मांत्रिकाला गुण का येतो? बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. ही माणसं दोरा न बांधताही वाचणारच. नाव मात्र मांत्रिकाचं होतं. जी मरतात त्यांचं 'आयुष्यच तेवढं होतं'. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण सापडत नाही. मग पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात. तेवढे तास उताऱ्यात गेले की माणूस हातचा गेला.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस आहे. घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तातून ती काढतात. आपल्याच राज्यात हाफकिननं ती वर्षानुवर्षं तयार केली. विंचवाचंही तसंच. इथून ताम्हिणी घाट उतरून पुढं गेलं की महाड. तिथं डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून माणसं वाचवली. विंचू उतरवणाऱ्यांना जे जमलं नाही ते गोळीनं केलं.

२०१३ साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रं चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. चांगलं झालं. पण मांत्रिक गावातच असतो, रात्रीही उठतो. दवाखान्याला कुलूप असेल तर बाई पोराला घेऊन कुठं जाईल? कायदा मांत्रिकाला दंड करतो, कुलपाला करत नाही.

तेव्हा पान लागलं तर दोरी करकचून आवळू नका, ब्लेड मारू नका. हात-पाय हलू न देता मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून थेट न्या. ताईत गळ्यात असला तर असू द्या, तो काढण्यातही वेळ घालवू नका.

आणि पुढच्या बैठकीला येताना आपापल्या आरोग्य केंद्रात पाहून या: लसीच्या कुप्या किती आहेत, मुदत कधी संपते, आणि रात्री दोन वाजता ती टोचणारा माणूस कुठं झोपतो. यादी करून तहसीलवर घेऊन जाऊ.