भिंतीआडचे काम

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला सभेत बोलण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "तुमचे यजमान विजेचे आणि नळाचे काम करतात. घराघरांत त्यांना काय काय आढळते, ते एकदा आम्हांला सांगा." तेव्हा जे सव्वीस वर्षे रात्रीच्या जेवणाच्या वेळी ऐकले आणि थोडेबहुत डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णामाईचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि आपली निम्मी सांगली पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आमच्या घरच्यांना दोन महिने उसंत नव्हती. हाताखाली माणूस मिळेना, म्हणून मीही बरोबर जात असे. ते बोर्ड उघडत, मी चिखल पुशी आणि स्क्रू डबीत ठेवी. एरवी जे प्लास्टरच्या आणि फरशीच्या आड असते, ते त्या दिवसांत पाहायला मिळाले. पुराने केलेले नुकसान तर होतेच. पण माणसांनी त्याच्या कितीतरी आधी करून ठेवलेलेही पुष्कळ निघाले.

पहिली गोष्ट अर्थिंगची. तीन भोकांच्या पॉइंटमध्ये वरचे भोक मोठे असते, ते अर्थिंगचे. फ्रीज, कपडे धुण्याचे यंत्र, गिझर यांच्या पत्र्यात काही बिघाडाने वीज उतरली, तर ती हिरव्या तारेने जमिनीकडे जावी आणि फ्यूज उडावा, यासाठी ते असते. कित्येक घरांत बोर्ड उघडला तर त्या भोकाला तारच नव्हती. बाहेरून तीन भोके आणि आतून दोनच तारा! काही ठिकाणी याहून वाईट होते. कारागिराने बोटभर तार घेऊन वरचे भोक शेजारच्या न्यूट्रललाच जोडून टाकले होते. यात तपासायला आलेल्याचीही फसगत होते. पण न्यूट्रलची तार पुढे कुठे तुटली, की यंत्राचा सगळा पत्रा २३० व्होल्टचा होतो.

जुन्या घरांत नळाच्या लोखंडी पाइपालाच अर्थ जोडण्याची पद्धत होती. पुढे लोखंडी पाइप गंजले, त्या जागी प्लॅस्टिकचे आले. नळवाला आपले काम करून गेला. अर्थची तार मात्र तशीच राहिली, आता कशालाच न पोचणारी. एकाच घरात नळाचे काम करणारा आणि विजेचे काम करणारा एकमेकांशी बोलले नाहीत, की असे होते.

आता गिझरकडे वळू. २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट हवा, मेनपासून वेगळी जाड तार हवी. आढळते काय, तर दिव्या-पंख्यासाठी आलेल्या बारीक तारेलाच पीळ देऊन गिझर जोडलेला. एका घरात तर त्या जोडावर चिकटपट्टीऐवजी जखमेवर लावायची औषधाची पट्टी गुंडाळली होती. अशी तार भिंतीच्या आत तापत राहते आणि आपल्याला कळते ते जळका वास आल्यावर. मग फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी त्यात जाड तार घालतो. रडणाऱ्या मुलाचे पोट दुखते काय ते न पाहता त्याचे तोंड दाबून धरावे, तसा तो प्रकार होय.

साठवणीच्या गिझरला थंड पाणी येते त्या बाजूस एक लहानशी झडप असते. पाणी तापले की फुगते, दाब वाढतो आणि झडपेतून थेंब थेंब पाणी बाहेर पडते. ते गळते आहे असे समजून एका ठिकाणी झडपेच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकून बसवलेली निघाली. प्रेशर कुकर वापरणाऱ्या बायकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही बंद करून कुकर शेगडीवर ठेवा म्हटले, तर आपण ठेवू काय?

आणि गॅसचा गिझर! तो न्हाणीघराच्या आत बसवूच नये. बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. बंद खोलीत गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट तो चिकटतो आणि माणसाला ओरडायचीही ताकद राहत नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक कॉलेजातली मुलगी अशीच न्हाणीघरात पडली. आईने हाका मारल्या, ओ येईना म्हणून दार फोडले, म्हणून ती वाचली. गिझर बसवणाऱ्याने काय केले होते? बाहेर भोक पाडायला वेळ लागतो, म्हणून आतच टांगला होता आणि खिडकीची तावदाने काचेने पक्की बंद होती.

पाण्याच्या कामाचेही तेच. न्हाणीघराच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्यात दोन बोटे पाणी कायम साठून राहावे लागते. ते पाणीच गटाराच्या हवेला अडवते. ट्रॅप न बसवता सरळ पाइप जोडला, किंवा न वापरातल्या मोरीतले पाणी आटले, तर गटार आणि आपले घर एकच झाले. हाँगकाँगमध्ये २००३ साली सार्सच्या साथीत अमॉय गार्डन्स या एकाच वसाहतीत तीनशेहून अधिक लोक आजारी पडले, त्याच्या कारणांत मोऱ्यांचे कोरडे पडलेले ट्रॅप हेही एक कारण सापडले. तेव्हा न वापरातल्या मोरीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावे, हे काही सोवळे-ओवळे नव्हे. तसेच पिण्याचा पाइप गटाराच्या कडेने नेऊन वर जोड कच्चा ठेवला, की पाणी गेल्यावर रिकामा पाइप बाहेरची घाण आत ओढतो. थेट नळाला मोटार लावली तर अधिकच ओढतो. मग घरात कावीळ आली की आपण पाणीपुरीवाल्याला दोष देतो.

हे असे का होते? कारागीर सारेच वाईट आहेत असे मुळीच नाही. काम उक्ते दिलेले असते, ते लवकर उरकले तरच त्याला काही सुटते. घरमालकही दिसणाऱ्या फरशीला हवे तेवढे मोजतो आणि न दिसणाऱ्या तारेच्या भेंडोळ्यापाशी घासाघीस करतो. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या घराचे काम आमच्याकडे आले होते. मालक म्हणाले, "अर्थिंगचा खड्डा राहू द्या, अंगणात फरशी झाली आहे." घरचे म्हणाले, "मग मला काम जमणार नाही." ते काम दुसऱ्याला गेले. त्या वर्षी दिवाळीला आमच्याकडे नवे कपडे झाले नाहीत. मला त्याचे वाईट वाटले नाही, असे म्हटले तर खोटे होईल. पण त्या घरात लहान मुले आहेत, हेही मला माहीत होते.

बायांनो, माझे मुख्य सांगणे पुढेच आहे. घराच्या कामात काही बिघडले, तर ते प्रथम आपल्या हाताला कळते. एका घरातील सूनबाईंना धुण्याच्या यंत्राला हात लावला की झिणझिण्या येत. चार महिने घरातली माणसे त्यांना सांगत होती, "ओल्या हाताने बटण लावतेस, म्हणून होते." शेवटी बोर्ड उघडला, तर वरच्या भोकाला तारच नव्हती. दोष तिच्या हाताचा नव्हता. भिंतीला ओल दिसणे, बटणातून चरचर आवाज येणे, प्लग काळा पडणे, दिवे मंदावणे, मोरीला वास येणे, हे सर्व आपणच आधी पाहतो. ते बोलावे, आणि ऐकेपर्यंत बोलावे.

काही साध्या गोष्टी सांगते, त्या लक्षात ठेवाव्यात. विजेचे काम परवानाधारकाकडूनच व्हावे, हे १९५६ सालच्या वीज नियमांपासून चालत आले आहे. तेव्हा परवाना दाखवा म्हणण्यात संकोच नको. तार आय.एस.आय. खुणेची घ्यावी. गरम पाण्याला साधा पी.व्ही.सी. पाइप चालत नाही, सी.पी.व्ही.सी. लागतो. पाइप बुजवण्यापूर्वी पाणी भरून दाबाखाली ठेवून जोड पाहावेत. प्लास्टर होण्यापूर्वी उघड्या भिंतींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतात. मेनपाशी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. एम.सी.बी. तारेला जपतो, आर.सी.सी.बी. माणसाला जपतो. त्याच्यावर एक चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पुरवठा तुटला तर तो शाबूत आहे असे समजावे. त्याने अर्थिंगची परीक्षा मात्र होत नाही, ती वायरमनकडून वेगळी करून घ्यावी. आपण स्वतः बोर्ड उघडायला जाऊ नये.

हे काम आमच्याच घरच्यांना द्या असे मी म्हणत नाही. परवाना असलेला कोणीही प्रामाणिक माणूस चालेल. मंडळाला मात्र एक विनंती आहे. ज्या भगिनींना एकदम खर्च झेपत नाही, त्यांना अर्थिंग आणि आर.सी.सी.बी. साठी आपल्या भिशीतून आधी पैसे द्यावेत आणि हप्त्याने परत घ्यावेत. चिटणीसबाईंनी आजच वही काढली, तर पहिले नाव आमच्या शेजारच्या आजींचे लिहावे. त्या एकट्या राहतात आणि त्यांचा बोर्ड मी पाहिला आहे.