प्रिंटर अडला की आधी मध्यावर उभे राहा



फौजी माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना सीमेवरची गोष्ट हवी असते. आज मी तुमच्याशी ऑफिसातल्या प्रिंटरबद्दल बोलणार आहे. हसा, पण ऐका. दहा जणांत एक प्रिंटर म्हणजे बारभाईंची शेती. वापरतात सगळे, बघत कोणीच नाही. आणि तो बंद पडला की गुन्हेगार मात्र लगेच सापडतो. त्या ठिकाणी सगळ्यात धाकटा जो असेल, तो.

निवृत्तीनंतर मी चेन्नईत राहतो. माजी सैनिकांच्या कुटुंबांना पेन्शनच्या कागदपत्रांत मदत करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात आठवड्यातून तीन दिवस बसतो. नोव्हेंबरचे दिवस होते. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना, त्यामुळे तोबा गर्दी. आणि इथे नोव्हेंबर म्हणजे ऐन पावसाळा. आपल्याकडे महाराष्ट्रात पाऊस जून ते सप्टेंबर, इथे ऑक्टोबर ते डिसेंबर.

त्या दिवशी वेल्लोरकडच्या एका गावाहून एक बाई आल्या होत्या. जवानाच्या पत्नी, सत्तरीच्या पुढच्या. पेन्शनच्या कागदात त्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. दुरुस्तीचा अर्ज भरून, छापून, सही घेऊन त्याच दिवशी पुढे पाठवायचा होता. तीनची बस चुकली तर घरी पोचायला रात्र होणार. आणि प्रिंटर अडला. कागद आत चुरगळत होता, रांगेत चौदा कामं अडकली होती, आणि जो तो पुन्हा पुन्हा प्रिंटचं बटण दाबत होता.

आमच्याकडे कामाला एक मुलगा आहे. मी त्याला तंबी म्हणतो, म्हणजे धाकटा भाऊ. सकाळीच त्याने एका कॉम्प्युटरवर काहीतरी अपडेट केलं होतं. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो, "कोणी सांगितलं होतं हात लावायला?" तो काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला.

मग मलाच माझी लाज वाटली. कारण मी सिग्नल्सचा माणूस. महूला शिकलो ते हेच, की लाइन तुटली तर आधी माणूस शोधू नका, बिघाड शोधा. दहा किलोमीटरची टेलिफोनची वायर असेल तर नवखा माणूस एका टोकापासून चालायला लागतो. अनुभवी हवालदार सरळ मध्यावर जातो, तिथे फोन जोडतो आणि दोन्ही टोकांना हाक मारतो. ज्या बाजूने उत्तर आलं ती बाजू ठीक. पाच किलोमीटर एका झटक्यात बाद. मग उरलेल्याचा पुन्हा मध्य.

प्रिंटरचंही तसंच आहे. एका टोकाला तुमचा कॉम्प्युटर, मग कामांची रांग, मग नेटवर्क, मग मशीन, आणि दुसऱ्या टोकाला कागद. मध्य कुठे? मशीनच्या स्वतःच्या पॅनेलवर. तिथल्या मेनूतून मशीनचा माहितीचा कागद, म्हणजे कॉन्फिगरेशन पेज छापायला सांगा. त्यात कॉम्प्युटरचा काही संबंध येत नाही. तो स्वच्छ आला तर मशीन ठीक, बिघाड अलीकडे. तोही अडला तर कॉम्प्युटरवाल्यांना सोडून द्या.

मी ते पान मागवलं. ते अडकलं. म्हणजे तंबी निर्दोष.

आता उरलं मशीन आणि कागद. पुन्हा मध्य. तंबीने ट्रेमधला कागद हातात घेतला आणि हळूच म्हणाला, "सार, पेपर ईरमा इरुक्कु." कागद ओलसर आहे. मंडळी, रिमचं वेष्टण दमटपणा अडवणारं असतं. ते फोडलं की कागद हवेतलं पाणी पितो. लेझर प्रिंटरमध्ये टोनर वितळवणारा भाग सुमारे 200 अंश सेल्सिअसला तापतो. ओला कागद तिथे वळतो, चुरगळतो, अडकतो. छपाईही फिकट, ठिगळाठिगळांची येते.

आणि ती रिमं फोडून कोणी ठेवली होती? मी. गर्दीची तयारी म्हणून आठवडाभर आधी दहा रिमं फोडून खिडकीजवळ रचून ठेवायचा हुकूम माझाच होता.

बंद रिम उघडलं. ट्रेच्या कडेच्या पट्ट्या कागदाला टेकतील इतक्याच सरकवल्या, घट्ट नाही. पान सुरळीत आलं.

पण अर्ज अजून येईना. आता बिघाड अलीकडच्या बाजूला. रांगेतलं पहिलंच काम गोठलं होतं. रांग तशीच सोडली असती तर बाईंच्या अर्जाच्या, बँक खात्याच्या नंबरासकट, सात-आठ प्रती ट्रेमध्ये पडल्या असत्या. म्हणून रांग साफ केली. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवायचा, स्पूल फोल्डरच्या आतल्या प्रिंटर्स फोल्डरातल्या फाइल्स काढायच्या, स्पूलर पुन्हा चालू करायचा. आधी सगळ्यांना सांगून ठेवा, कारण सगळ्यांचीच कामं जातात. मग अर्ज एकदाच पाठवला. आला.

आणखी तीन गोष्टी सांगतो. एक, वीज जाऊन आली आणि प्रिंटर अचानक ऑफलाइन दिसू लागला, तर मशीनच्या त्याच माहितीच्या कागदावर त्याचा आयपी पत्ता बघा आणि कॉम्प्युटरमधल्या पोर्टशी ताडून पाहा. राउटरने नवा पत्ता दिलेला असू शकतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. दोन, पानावर डाग ठरावीक अंतराने येत असेल तर पट्टीने ते अंतर मोजून ठेवा. कुठल्यातरी रोलरचा तो घेर असतो. मेकॅनिकला तेवढं सांगितलं तर त्याचा अर्धा वेळ वाचतो. तीन, टोनर सांडला तर गरम पाणी लावू नका, डाग पक्का बसतो. आधी कोरडं फडकं, मग थंड पाणी. आणि काहीही बदलताना एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर दुरुस्त झालं तरी कशाने झालं ते कळत नाही.

बाईंना तीनची बस मिळाली. जाताना त्यांनी तंबीच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे जमल्यावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, काल चूक माझी होती, ओरडलोही मीच. जेवढ्या लोकांसमोर रागावलो, तेवढ्याच लोकांसमोर माफी मागितली. फौजेत हुकूम देणाऱ्याने आपला हुकूम तपासायचा असतो. ते मी त्या दिवशी विसरलो होतो.

आता प्रिंटरच्या वर तंबीच्या हस्ताक्षरात तमिळमध्ये एक पाटी आहे. बटण एकदाच दाबा. आधी मशीनचं पान काढा. रिम लागेल तेव्हाच फोडा. आपला कागद लगेच उचला. शेवटची ओळ त्याने स्वतःहून घातली, मी पुसली नाही: ओरडण्याआधी कागदाला हात लावून बघा.

जय हिंद.