भाड्याचे घर : हिशेब आणि कागद
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चालकांनी आज मला बोलावयास उभे केले ते मी या विषयातला जाणकार म्हणून नव्हे, तर या व्यवहारात ठेच खाल्लेला गृहस्थ म्हणून. मागच्यास शहाणपण यावे, एवढाच माझा हेतू आहे.

निवृत्तीनंतर हाताशी चार पैसे यावेत म्हणून दुसरे घर घेऊन ते भाड्याने द्यावे, असा विचार आपल्यांतील अनेक कुटुंबांत चालतो. विचार चांगला आहे. परंतु ‘कर्जाचे हप्ते भाड्यातूनच फिटतील’ हे त्यामागचे गृहीत एकदा पाटीवर मांडून पाहावे. समजा, घराची किंमत 50 लाख. त्यांपैकी 40 लाख शेकडा साडेआठ व्याजाने 20 वर्षांच्या मुदतीवर काढले, तर मासिक हप्ता सुमारे 34,700 रुपये पडतो. म्हणजे वर्षाला चार लाखांच्या वर. अशा घरास महिना 12,500 भाडे आले आणि वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले, तर हाती येतात 1,37,500. त्यांतून सोसायटीची वर्गणी, घरपट्टी, रंगरंगोटी व नळदुरुस्ती यांचे 50,000 गेले, की उरतात 87,500. उरलेले सव्वातीन लाखांहून अधिक रुपये दरसाल आपल्या पगारातूनच भरावयाचे असतात. तेवढी शिल्लक राहत असेल, तरच या वाटेस जावे. पत्नीचे दागिने व मुलांच्या शिक्षणाची ठेव यांना हात लावून घर घेऊ नये.

आयकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर शेकडा 30 सरसकट वजावट मिळते. ती दुरुस्तीच्या खर्चापोटी आहे असे समजून तेवढी रक्कम निराळी ठेवावी. अनामत रक्कम तर आपली नव्हेच; ती परत द्यावयाची ठेव होय.

आता कागदाविषयी. माझे घर मी एका परिचिताच्या मुलास दिले. ‘आपल्याच माणसाशी करार कसला?’ असे म्हणून मी काहीच लिहून घेतले नाही. वर्षभराने भाडे थांबले. तो म्हणे, भाडे कमी ठरले होते. मी म्हणे, जास्त. दोन वर्षे हप्ते मी पदरचे भरले आणि दोन घरांतील जाणे-येणे कायमचे तुटले. दोष त्या मुलाला मी देत नाही. लिहून न ठेवण्याचा आळस माझा होता.

जुन्या पिढीच्या मनात भाडेकरूची धास्ती आहे, तीही निराधार नव्हे. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठली. 1 फेब्रुवारी 1973 रोजी परवान्याने राहणाऱ्यांना पुढे भाडेकरूंचे हक्क मिळाले. परंतु 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वाट बरीच सुकर केली आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी व नोंदणीकृत असला, की मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालक शिक्षेस पात्र होतो.

कागद करणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. भाडेकरूलाही आपली अनामत परत मिळेल आणि मुदतीपूर्वी कोणी अकारण उठविणार नाही, याचा भरवसा त्याच कागदाने मिळतो. ज्ञातीतील माणसाला घर जरूर द्यावे, शक्य तर दोन रुपये कमी घ्यावेत; पण आधी कागद करावा, मग किल्ली द्यावी. माझ्याकडून राहिलेली ही गोष्ट आपल्याकडून राहू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.