गल्ला भरला, पण बाईच्या नावावर काय?

(लहानमोठा धंदा करणाऱ्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे बसलेल्यांपैकी कुणी डबे करतं, कुणी शिवणकाम करतं, कुणाची पिठाची गिरणी आहे, कुणाचं पार्लर आहे. कर्ज कसं मिळवायचं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. ते आपण चळवळीत शिकलो, भांडून शिकलो. १९७४ साली अहमदाबादेत 'सेवा'च्या चार हजार कष्टकरी बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. १९७५ मध्ये मुंबईतल्या खानावळवाल्या बायका प्रेमाताई पुरव यांच्याबरोबर अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आल्या, त्या सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठीच. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. १९९७ मध्ये म्हसवडला माणदेशी महिला बँक उभी राहिली. बाईला कर्ज दिलं तर ती फेडते, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

पण आज मला वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. इतकी वर्षं धंदा केलात, हप्ते फेडलेत, घर चालवलंत. यातलं तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्या म्हातारपणासाठी, किती आहे?

हा प्रश्न मी गटांच्या बैठकांमध्ये विचारते तेव्हा बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "ताई, सगळं धंद्यातच आहे." ऐकायला बरं वाटतं. पण धंद्यात असलेला पैसा आणि बाईचा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला धंदा बहुतेक वेळा एकटीच्या मालकीचा असतो. कायद्याच्या नजरेत अशा धंद्याला वेगळं अस्तित्व नसतं. धंद्याचं देणं ते तुमचं देणं. धंदा बुडाला की त्याच्याबरोबर तुमची बचतही बुडते, कारण ती वेगळी ठेवलेलीच नसते.

म्हणून पहिली पायरी गुंतवणुकीची नाहीच, ती हिशेबाची आहे. डब्यांचं उदाहरण घेऊ. रोज ३० डबे, एका डब्याचे ८० रुपये, महिन्याचे २६ दिवस. एकूण ६२,४०० रुपये आले. किराणा, भाजी, गॅस, डबे पोचवणं यात ४१,००० गेले. मदतनीस बाईला ८,००० दिले. उरले १३,४००. आपण म्हणतो, एवढा नफा झाला. पण उद्या तुम्ही आजारी पडलात आणि तुमच्या जागी स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवली, तर ती १२,००० मागेल की नाही? मग खरा नफा १,४००. बाकीची तुमची मजुरी आहे. घरात आपले श्रम फुकट धरले जातात म्हणून आपण एवढ्या सभा घेतल्या, मोर्चे काढले, आणि स्वतःच्या धंद्याच्या वहीत मात्र आपणच आपले श्रम फुकट धरतो!

तेव्हा दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला धंद्याच्या खात्यातून स्वतःला पगार द्या. दोन हजार का होईना, पण द्या. तो दुसऱ्या खात्यात जाऊ द्या आणि ते खातं फक्त तुमच्या नावावर असू द्या. ही चोरी नव्हे. डाळीच्या डब्यात लपवलेल्या नोटा ही आपल्या आज्यांची बँक होती, कारण त्यांना दुसरी बँक नव्हती. आपल्याला लपवायची गरज नाही.

त्या पगारातून पहिल्यांदा काय करायचं? घर आणि धंदा मिळून सहा महिन्यांचा अगदी आवश्यक खर्च हळूहळू बँकेत साठवायचा. ते जमलं नाही तर आजारपणात पहिल्यांदा दागिने गहाण पडतात. त्याच्या जोडीला आरोग्य विमा हवा. एका ऑपरेशनमध्ये दहा वर्षांचा धंदा संपलेला आपण सगळ्यांनी आजूबाजूला पाहिला आहे.

ठेव कुठे ठेवायची याला नियम आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका बँकेतल्या एका ठेवीदाराचे व्याजासह ५ लाखांपर्यंतचे पैसे देतं. ही मर्यादा १९९३ पासून १ लाख होती, फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ लाख झाली. शाखा चार असल्या तरी बँक एकच धरली जाते. सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पतसंस्थेला नाही. गल्लीतली पतसंस्था ओळखीची असते, तिचा माणूस दारात येऊन पैसे नेतो, म्हणून ती जवळची वाटते. पण दारात येणं म्हणजे सुरक्षा नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये, हे त्या रांगांमध्ये उभं राहिलेल्या बायकांना कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

यानंतर लांबच्या काळाचा पैसा. इथे एक छोटं गणित पाठ करा. ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की पैसा दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते साधारण कळतं. सहा टक्के दर असेल तर बारा वर्षं. महागाईलाही हेच गणित लागू आहे. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत तुमच्या शंभराच्या नोटेत आजच्या पन्नासचंच सामान येईल. घरात ठेवलेली रोकड कुणीही न चोरता निम्मी होते ती अशी. आणि हेच गणित फसवणाराही ओळखून देतं. कुणी महिन्याला पाच टक्के देतो म्हणाला तर ७२ भागिले ५, म्हणजे सव्वा वर्षाच्या आत पैसे दुप्पट. असा कुठला प्रामाणिक धंदा तुम्हाला माहीत आहे? तुमच्या स्वतःच्या धंद्यात तरी एवढं सुटतं का? त्याला विचारा, तुझी नोंदणी रिझर्व्ह बँकेकडे आहे की सेबीकडे? कागद दाखव. योजना आणणारी आपलीच मावसबहीण असली तरी विचारा.

धंदा करणारीसाठी पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, मला फार महत्त्वाचा वाटतो. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडता येतं. वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. मुदत पंधरा वर्षांची. व्याजाचा दर सरकार ठरवतं. आणि मुख्य म्हणजे कर्जापायी या खात्यातल्या पैशांवर कोर्टाच्या हुकमाने जप्ती आणता येत नाही. धंदा वर-खाली होणारच. त्या वादळात ही एक पेटी उघडली जात नाही.

शेअर बाजाराचं नाव काढलं की आपण म्हणतो, तो जुगार आहे, पुरुषांचं काम आहे. मी म्हणते, घाई केली तर जुगार आहे, आणि पुरुषांचं काम तर मुळीच नाही. म्युच्युअल फंडात दरमहा ५०० रुपयांपासून सुरुवात करता येते. पण धोका नीट समजून घ्या. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या आसपास होता, त्याच ऑक्टोबरमध्ये तो ८,५०० पर्यंत घसरला. पुन्हा २१,००० ला यायला नोव्हेंबर २०१० उजाडला. म्हणून मुलीची फी, दुकानाचं भाडं, दिवाळीचा माल यांचे पैसे तिथे घालायचे नाहीत. सात-आठ वर्षं ज्याला हात लावायचा नाही तेवढाच पैसा घाला. आणि विकणाऱ्याला विचारा, यात तुझं कमिशन किती? दलालाशिवाय, थेट फंडाकडून घ्यायची सोय जानेवारी २०१३ पासून आहे.

आता सह्यांबद्दल. नवऱ्याच्या किंवा भावाच्या कर्जाला जामीन राहा म्हणून कागद पुढे येतो. 'नुसती सही' असं काही नसतं. कर्जदाराने फेडलं नाही तर बँक जामीनदाराकडून ते सगळं वसूल करू शकते. कागद एक रात्र घरी ठेवून घ्या, वाचा, वाचून घ्या. नाही म्हणायला वेळ लागतो, तो वेळ मागून घ्यायचा आपल्याला हक्क आहे.

शेवटचा मुद्दा सर्वांत कठीण आहे. आपल्या मागे हे कुणाला मिळणार? नॉमिनीचं नाव घातलं की झालं, असं आपण समजतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याबाबत आणि २०२३ मध्ये शेअर्सबाबत सांगितलं की नॉमिनी आपोआप मालक होत नाही. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा असतो. मग वारस कोण? हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १५ पाहा. बौद्ध, जैन, शीख स्त्रियांनाही तोच कायदा लागू आहे. बाईने मृत्युपत्र केलं नसेल तर तिची कमाई मुलं आणि नवरा यांना जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर!

नारायणीदेवी नावाच्या बाईचा खटला २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. लग्नानंतर तीन महिन्यांत ती विधवा झाली, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं, आईवडिलांनी शिकवलं, ती नोकरीला लागली. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता गेली. तिच्या बँकेतल्या आणि प्रॉव्हिडंट फंडातल्या पैशांवर हक्क ठरला तो नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांचा. ज्या घराने तिला दार बंद केलं, त्या घराला तिची कमाई गेली. हा कायदा बदलावा म्हणून आपण लढूच. पण तोवर एक साधा कागद आपल्या हातात आहे.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर लिहा, सही किंवा अंगठा करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. मुस्लिम मैत्रिणींना इतर वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांश मालमत्तेपुरतंच मृत्युपत्र करता येतं, एवढं ध्यानात ठेवा.

तुम्ही म्हणाल, दोन हजारांच्या बचतीसाठी केवढा हा पसारा! पण पैसा कुणाच्या नावावर आहे यावरून घरात कुणाचं ऐकलं जातं, हे आपण चांगलं ओळखतो. मारहाण होणाऱ्या घरातून बाहेर पडताना पहिला प्रश्न असतो, जाऊ कुठे आणि खाऊ काय. म्हातारपणी औषधासाठी सुनेपुढे हात पसरायचा की नाही, हेही याच पैशावर ठरतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांची वही उघडाल, तेव्हा शेजारी आणखी एक वही ठेवा. प्रत्येकीने त्यात तीन ओळी लिहाव्यात : या महिन्यात मी स्वतःला किती पगार दिला, त्यातलं किती माझ्या नावावर ठेवलं, आणि ते माझ्या मागे कुणाला जावं. वाचता येत नसेल तिला शेजारणीने लिहून द्यावं. बचत गटात आपण एकमेकींच्या कर्जाला जबाबदार राहायला शिकलो. आता एकमेकींच्या बचतीचीही चौकशी करू या.