संवेदक यंत्र आणि कामगाराचा हात



हिंगोली जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे औंढ्याचा नागनाथ, नरसीचे नामदेव महाराज आणि वसमतची हळद ही तीन नावे पाठोपाठ येतात. आता त्यांत चौथ्याची भर पडली आहे. औंढा तालुक्यात लायगो ही वेधशाळा व्हावयाची असून २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्याकरिता २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार चार किलोमीटरांच्या दोन भुजांतून प्रकाशकिरण धाडून गुरुत्वीय लहरी टिपावयाच्या, असा तो उद्योग आहे. संवेदक, ज्याला कारखान्यात सेन्सर म्हणतात, तो किती सूक्ष्म असू शकतो ह्याचे हे टोकच होय. परंतु त्याच जिल्ह्यात हळद शिजवणाऱ्या आणि साखर करणाऱ्या कामगारास साधा संवेदक वापरावयास कसे शिकवावे, हा प्रश्न अधिक जवळचा आहे. आणि आज विचार करावयाचा आहे तो त्याचाच.

आपल्या घरच्या डब्यातील चिमूटभर हळद तेथवर येण्यापूर्वी एका पारखी हाताखालून गेलेली असते. ओली हळद शिजू लागली की फेस वर येतो, ओळखीच्या वासाची वाफ सुटते, आणि कढईजवळचा माणूस कंदात काडी खुपसून पाहतो. काडी सहज शिरली की हळद उतरावयाची. अधिक शिजली तर रंग बिघडतो. कमी शिजली तर वाळल्यावर ठिसूळ होते. पुढे दहापंधरा दिवस उन्हात वाळून ओलावा शेकडा दहाच्या आसपास आला की हळकुंड मोडताना कडक आवाज देते, व जाणता माणूस तो आवाजच ऐकतो. नाक, काडी आणि कान हे ह्या धंद्याचे जुने संवेदक होत. त्यांची नोंद कोठेच नाही. कढईजवळचा माणूस थकला म्हणजे ते त्याच्याबरोबर जातात.

आता वाफेवर हळद शिजवण्याचे संच आले आहेत. त्यांच्याबरोबर दाबमापक, तापमापक व ओलावा मोजणारी यंत्रे आली. शिक्षण मात्र पुष्कळदा एवढेच होते की, यंत्र विकणाऱ्याचा माणूस येतो, कोणते बटण केव्हा दाबावे ते सांगतो आणि सायंकाळच्या गाडीने परत जातो. ह्यास शिक्षण म्हणणे म्हणजे पाढे न शिकवता उत्तरे पाठ करून घेणे होय.

पहिला धडा खरोखर उकळत्या पाण्याचा असावा. तापमापक त्यात धरला तर हिंगोलीस तो १०० अंश दाखवणार नाही, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास थांबेल. पुस्तक वाचलेला मुलगा म्हणेल, यंत्र बिघडले. परंतु हे गाव समुद्रसपाटीहून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळते. यंत्र खरे बोलते आणि पाठ केलेला आकडा चुकतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे विद्यार्थी पुन्हा विसरत नाही. दुसरा धडा ह्याच्या उलट, म्हणजे यंत्र केव्हा खोटे बोलते हा. ओलावामापक विजेच्या गुणावरून अंदाज करतो. त्याचा आकडा प्रयोगशाळेतील मोजणीशी ताडून घ्यावा लागतो. त्यातही हळदीत सुगंधी तेल असल्यामुळे भट्टीत वाळवून वजन केले तर पाण्याबरोबर तेही उडते, म्हणून मसाल्यांच्या बाबतीत टोल्यूइन ह्या द्रवाबरोबर ऊर्ध्वपातन करून पाणी वेगळे मोजतात. एवढे समजलेला कामगार आकडा पाहील आणि हळकुंड मोडूनही पाहील.

साखर कारखान्यात हे अधिक स्पष्ट दिसते. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे. कोठल्याही साखर कारखान्यात पॅनमन नावाचा एक मानकरी असावयाचा. निर्वात पात्रात रस घट्ट होत असता तो नमुना काढतो, काचेवर पसरतो, उजेडापुढे धरतो आणि दाणा पाहतो. स्वयंचलित पात्रांत हे काम संवेदक करतो, व त्याच्या सांगण्यावरून झडपा आपोआप उघडतात, मिटतात. परंतु उकळत्या रसातील क्षारांचा थर संवेदकावर बसला की तो चुकीचे सांगू लागतो, आणि झडप निमूटपणे त्याचे ऐकते. पडद्यावरील आकडे तर शांतच असतात! त्या वेळी काच उजेडापुढे धरणारा माणूस उरला नसेल, तर पात्रातील सगळा माल बिघडेपर्यंत कोणास पत्ता लागावयाचा नाही.

शिकण्याची सोय अगदीच नाही असे नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत उपकरण दुरुस्तीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. मांजरीला १९७५ साली स्थापन झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था साखरधंद्याचे शिक्षण देते. पण हिंगोलीहून संभाजीनगर दोनशेहून अधिक किलोमीटर आहे आणि मांजरी तर पुण्याजवळ. संसार असलेला चाळीशीचा कामगार तेथे महिनोन्‌महिने कसा राहील? त्याच्यासाठी शिक्षक कारखान्यात आला पाहिजे, आणि पडद्यावरील इंग्रजी सूचनांचा अर्थ मराठीत लिहिलेला तक्ता यंत्राशेजारी टांगला पाहिजे.

ह्या यंत्रांनी माणसे कमी लागतील, ही भीती खोटी नाही. कढईभोवती जितके हात लागत, तितके वाफेच्या संचास लागत नाहीत. पण कोणाचे हात राहतील, हे पुष्कळसे शिक्षणावर अवलंबून आहे. जुन्या पॅनमनला निवृत्त करून नव्या मुलास पडद्यापुढे बसवणे मालकास सोपे वाटते. त्यापेक्षा दोघांना एका पात्रापाशी उभे करावे. म्हाताऱ्याने दाणा पाहून सांगावे, मुलाने आकडा वाचावा, आणि दोहोंत अंतर पडले की ते वहीत मांडावे. अशी एका हंगामाची वही कोणत्याही छापील पुस्तकाहून त्या कारखान्यास अधिक उपयोगी पडेल.

वेळही आहे. वसंत ऋतू सरता सरता गाळप थांबते आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. मधल्या पाच-सहा महिन्यांत यंत्रे उघडी पडलेली असतात, संवेदक बाहेर काढून पुसता येतात, हातात घेऊन दाखवता येतात, आणि हंगामी कामगार बहुधा घरीच असतो.