माळरानांच्या संरक्षणाचा प्रश्न



माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली जाहीर झालेल्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होते. परंतु त्यात शेते, गावे आणि शहरेही आल्याने लोकांचा रोष ओढवला, आणि पुढे फेररचनेत ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आले. या हद्दीबाहेर जी गायराने, म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेल्या सरकारी जमिनी आहेत, त्यांना अभयारण्याचे कवच नाही. पहिल्या पावसानंतर तेथे वीतभर मातीत पवना, मारवेल आणि कुसळी हे गवत उगवते, त्यावर मेंढ्या चरतात आणि त्याच गवतात लांडगा, खोकड व धाविक पक्षी नांदतात. मात्र रस्त्याच्या भरावासाठी मुरूम उपसला, की माती जाते, खड्डे उरतात आणि वेडी बाभूळ माजते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 22-अ नुसार गायरान अन्य कामासाठी वळवण्यास मनाई असली, तरी सार्वजनिक प्रकल्पांसाठी अपवाद ठेवलेला असल्याने मनाईपेक्षा अपवादच बळावण्याची भीती असते. सौरऊर्जेसारखे हितकारक प्रकल्पही याच जमिनींकडे वळतात, कारण झाडे नसलेला माळ सरकारदरबारी पडीक ठरतो. आणि पडीक म्हणून त्यावर गिरिपुष्पाच्या झाडांची रोपे लावली, तरी गवताचे नुकसान टळत नाही.

यावर उपाय चराई बंद करणे हा नव्हे, हे लोकांचा रोष ओढवून घेतलेल्या नान्नजच्या अनुभवावरून स्पष्ट होते. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेले संवर्धन राखीव क्षेत्र, म्हणजे स्थानिकांशी विचारविनिमय करून सरकारी जमिनीवर जाहीर होणारे आणि ज्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात असे क्षेत्र, हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे. अभयारण्यालगतची कोणती गायराने प्रथम या तरतुदीखाली आणावीत, याची यादी चराई करणाऱ्यांना सोबत घेऊन या परिषदेने सिद्ध करावी, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे.